जाऊन राहिली होती

आधी चाचीचं सांगते. काय झालं ते मागाहून. नाहीतर माझी सवय अशी की गोष्टीत शिरले की शिरले, आणि जिच्यामुळे ही गोष्ट सांगायला मी अकोल्यात उरले, तीच राहून जाईल.

जठारपेठेत साड्यांना फॉल-पिको करून देणारं तिचं दुकान आहे. नात्यानं ती माझी कुणी नाही. त्या गल्लीतले सगळेच तिला चाची म्हणतात, तिची सूनसुद्धा. मी नववीत शाळा सोडलेली, कोकणातली, इथं आले ती एका आजारी आजींची सोबत करायला. आजी गेल्या आणि माझं इथलं कारणच संपलं. गावी परतायचं तर तोंड कसं दाखवायचं या काळजीत मी बॅग घेऊन दुकानाच्या पायरीवर टेकले होते. चाचीनं मशीन थांबवून विचारलं, "सुई धरता येते का?" मी हो म्हटलं. ते फारसं खरं नव्हतं. पण तिनं दुकानावरचा माळा मला राहायला दिला, आणि मी राहिले.

दुकानात आम्ही तिघी. चाची मशीनवर पिको करते. मावशी म्हणजे भातकुलीकडची शेतकरी घरातली बाई, अकोल्यात दिलेली. ती हातानं फॉल लावते, आणि टाके इतके बारीक की उलटीकडून शोधावे लागतात. तिसरी मी. माझे टाके सुलटीकडूनही दिसायचे.

बोलण्याचं तर काय सांगू. घरी आईशी फोनवर "माका", शाळेत शिकले ते "मला" आणि इथं "मले". पहिल्याच आठवड्यात मावशीनं विचारलं, "काय करून राहिली वं?"

मी म्हटलं, "सगळं करून झालं मावशी. आता नुसती राहिलेय."

दोघी इतक्या हसल्या की चाचीच्या हातातली साडी मशीनखाली वाकडी गेली. मग मावशीनंच समजावलं की इथं "करून राहिली" म्हणजे काम अजून चालू आहे. मी ते घोकलं. त्यांचं बोलणं आपण कसं ऐकायचं ते शिकले. पण आपलं बोलणं त्यांना कसं ऐकू जात असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं.

माझ्याआधी त्या माळ्यावर आणखी एक मुलगी राहायची. तिच्या हातून म्हणे एक साडी जळली आणि चाचीनं तिला घरी बसवलं. हे मला मावशीनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, इस्त्री दाखवता दाखवता. "बाकी काईबी कर, जाळू नको बाप्पा!" तेव्हापासून मी इस्त्रीचं बटण बंद करून पुन्हा खाली उतरून बघून यायचे. कधी कधी दोनदा.

एका शनिवार-रविवारची मी सुट्टी मागितली. आमच्या गावची एक ताई अमरावतीला मुलांच्या होस्टेलात स्वयंपाक करते, तिच्याकडे जायचं होतं. चाची त्या शुक्रवारी बाळापूरला निकाहला गेलेली. काम लवकर आटपलं तसं मी शुक्रवारीच संध्याकाळची एसटी धरली, दुकानाची चावी मावशीच्या घरी देऊन. ताईकडे दोन दिवस मजेत गेले. निघताना तिनं माझ्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक कोंबलं. क्लासला आलेला कुणी विद्यार्थी खोली सोडताना टाकून गेला होता. पहिलं पान फाटलेलं, पण मराठीच. "वाचत जा गो, अक्षरां विसरशीत," म्हणाली.

सोमवारी सकाळी दुकानात उतरले तर चाची एक साडी उलगडून बसलेली. अमरावतीच्या एका नवरीची साडी, आईनं मुद्दाम चाचीकडे पाठवलेली. फॉलच्या कडेला, आतल्या घडीत, इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग.

माझं लक्ष आधी इस्त्रीच्या बटणाकडे गेलं.

"शनिवारी सकाळी कुठं होती बेटा?" चाचीनं विचारलं.

"अमरावतीला जाऊन राहिले होते ना चाची."

"जाऊन राहिली होती," ती हळूच म्हणाली. मान हलवली. आणखी काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. मी नव्हतेच हे तिला कळलं. म्हणजे राहिली मावशी, पण ती तर भातकुलीला माहेरी, बुधवारपर्यंत यायची नव्हती.

चाचीनं त्या डागावर जरीची बुट्टी बसवली. एकच बुट्टी चोरासारखी दिसते म्हणून काठाकाठानं आणखी बुट्ट्या बसवल्या. नवरीची आई साडी न्यायला आली तेव्हा चाचीनं तिला सगळं खरं सांगितलं. "जळली कोणाच्या हातानं का असंना, दुकान माझं हाये," एवढंच. बाई आधी फणफणली, मग बुट्ट्यांवरून हात फिरवून म्हणाली, "अशा दुसऱ्या साडीलेबी लावून द्या." ती गेल्यावर चाची माझ्याकडे वळली.

"मावशीपुढे यातलं काई काढायचं नाई. झालं थे झालं."

केवढं मोठं मन, मी म्हटलं. मावशीची लाज राखतेय.

"आन् आजपासून तू इस्त्रीले हात नको लावू. सुईबी ठेव. थे थैलीत काय हाये?"

"पुस्तक."

"वाचता येते?"

"येतं थोडं थोडं. जोडाक्षरं आली की अडखळते."

"अडखळ. कोणाले घाई हाये? मले फक्त उर्दू येते, मावशीचे डोळे टाक्यावर. आजपासून तू वाच, आमी ऐकतो."

अशी मी वाचणारी झाले. चाची मशीनवर असली की वाचन बंद, कारण मशीनपुढे काही ऐकू जायचं नाही. तिनं मशीन थांबवून साडी बदलली, किंवा तीही हाताच्या कामाला बसली की वाचन सुरू. आणि पुस्तकात नेमकं कुणी दार ठोठावलं, कुणाच्या खांद्यावर हात पडला, की चाचीचं मशीन खडखडायला लागायचं. मावशी ओरडायची, "अवं चाची, त्या बाईचा जीव चालला न् तुमाले पिको सुचून राहिलं!"

पुस्तक होतं अमेरिकेतलं. तिथं अजून इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं. समुद्राकाठी बर्फात एक लहानसं गाव, आणि गावात एकीवर जादूटोण्याचा आळ. एका पोरीला झटके येतात, गाई आटतात, वादळाच्या रात्री एक गोठा जळतो, आणि गाव म्हणतं की हे काळी कोंबडी पाळणाऱ्या त्या विधवेचंच काम. शहरातून न्यायाधीश येतो. त्याच्याबरोबरचा कारकून मात्र हळूहळू स्वतःच शोध घ्यायला लागतो की हे केलं कुणी. इंग्रजी नावं माझ्या जिभेला येईनात. दोन दिवस मी प्रत्येक नावाशी झटले, मग मावशी म्हणाली, "नाव ठेव बाजूले. कोण थे सांग." तेव्हापासून विधवा झाली कोंबडीवाली, न्यायाधीश टोपवाला, आणि गोठ्याचा मालक, जो तिचा शेजारीही होता, तो शेजारी.

मावशीचं मत पहिल्या आठवड्यातच झालं होतं. कोंबडीवालीच.

"काहून मावशी?"

"अवं, रात्रीच्या वक्ताले बाई एकटी कायले फिरते?"

मला ते कळेना. फिरते कुठे? पण लेखकानं पुढे काही ठेवलं असेल, आपल्यालाच समजलं नसेल, नववीपर्यंतचं डोकं, असं म्हणून मी गप्प बसायचे. गल्लीतल्या बायकाही फॉल टाकायला येऊन बसून राहायच्या. "आज काय केलं कोंबडीवालीनं?" म्हणून विचारायच्या. एकीनं तर लिंबू-मिरची आणून दुकानाला बांधली, म्हणाली पुस्तकातलं इकडे नको यायला. चाचीनं ती लिंबं संध्याकाळी सरबताला घेतली.

मी हसायचे सगळ्यांबरोबर, पण आत माझं वेगळंच चाललं होतं. सुई नाही, इस्त्री नाही. मग मी दुकानात आहे कशाला? पुस्तक वाचायला. आणि पुस्तक संपलं की? उजव्या हातातली पानं रोज पातळ होत होती. माळ्यावर पडल्या पडल्या मी हिशेब करायचे की हे संपल्यावर चाची मला काय म्हणेल. म्हणून मी मुद्दाम हळू वाचायला लागले. जिथं अडखळत नव्हते तिथंही अडखळले. झाडांची वर्णनं दोनदा वाचली.

"काल हेच झाड होतं ना?" मावशी.

"हे दुसरं झाड आहे मावशी."

"लय झाडं हायेत बाप्पा अमेरिकेत."

पण कितीही रेंगाळलं तरी पुस्तक शेवटाकडे येतंच. खटल्याचा दिवस आला. त्या दुपारी चाचीनं मशीनला हात लावला नाही. टोपवाला निकाल द्यायला उठतो, तेवढ्यात कारकून नदीपलीकडून एका म्हातारीला घेऊन येतो. ती कोंबडीवालीची बहीण. ती साक्ष देते आणि टोपवाला कोंबडीवालीला सोडून देतो.

मावशीनं साडी मांडीवरून खाली टाकली. "असं कसं सोडलं? गोठा जळला तवा थे रस्त्यावरच होती ना!"

"रस्त्यावर कुठं मावशी? ती बहिणीकडे होती."

"काहून खोटं बोलतं? तूच त वाचलं सुरवातीले. बहिणीकडे जाऊन राहिली होती म्हणून."

मी मागची पानं उलटली. होतंच तसं. वादळाच्या रात्री ती नदीपलीकडे बहिणीकडे जाऊन राहिली होती.

"तेच तर मी म्हणते! जाऊन राहिली होती!"

"मंग? जाऊन राहिली होती त वाटेनं गोठा लागला असन ना!"

"वाटेनं कसा लागेल? ती जाऊन राहिली होती!"

"मीबी थेच म्हणून राहिली! जाऊन राहिली होती!"

"अहो मावशी, जाऊन! राहिली! होती!"

"अवं हो ना माय! जाऊन राहिली होती!"

आम्ही दोघी एकच वाक्य एकमेकींच्या तोंडावर फेकत होतो आणि दोघींचाही आवाज चढला होता. रस्त्यावरचा एक ऑटोवाला वाकून बघून गेला.

"रुको, रुको," चाची म्हणाली. "बेटा, एक बात बता. वो जा रही थी, या जाके रह गई थी?"

मला एकदम समजलं आणि हसूच आलं. "जाके रह गई थी चाची. मुक्कामाला. आमच्याकडे जाऊन राहिली म्हणजे जाऊन तिथंच राहिली."

"आन् आमच्याकडे म्हंजे जाऊनच राहिली, पोचलीच नाई," मावशी म्हणाली. "म्हंजे हे बाई घरात झोपेल होती, न् मी तिले इतके दिवस रस्त्यानं चालवून राहिली? हात्त तिच्या!"

मी हसत होते, मावशी हसत होती, पण चाची हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"आन् तू?"

"मी काय चाची?"

"त्या शनिवारी. अमरावतीले. जा रही थी? का जाके रह गई थी?"

आता माझं हसू गेलं. "मी शुक्रवारीच गेले होते चाची. संध्याकाळच्या एसटीनं. शनिवारी सकाळी मी अमरावतीतच होते."

चाचीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! मी समजली, शनिवारी सकाळी तू निघून राहिली होती. घाईत इस्त्री ठेवली न् पळाली."

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट फिरून जागेवर बसली. इस्त्रीला हात नको लावू. सुई ठेव. मावशीपुढे काढायचं नाही. मावशीची नव्हे, ती माझी लाज राखत होती. इतके दिवस तिच्या लेखी साडी मी जाळली होती. आणि ज्या गुन्ह्यापायी आधीची मुलगी घरी गेली, त्याच गुन्ह्यासाठी मला चाचीनं पुस्तक वाचायला बसवलं होतं. मी त्याला मान समजत होते.

"कोणता शनिवार? काय जळलं?" मावशी आमच्या दोघींकडे बघत होती.

चाचीनं सांगितलं. मावशीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"शनिवारी त कुलूप मीच उघडलं," ती म्हणाली. "चावी हिनंच देल्ली होती आदल्या दिवशी. थे साडीबी मीच इस्त्री करून घडी घातली. तुमी आल्या तवा मी निघालीच होती ना चाची, भातकुलीची गाडी धराची होती म्हणून घाईघाईत..."

आणि ती थांबली. जळलं तेव्हा वाटेला लागलेली बाईच गुन्हेगार, असा निकाल तिनंच तर इतके दिवस देऊन ठेवला होता. मग आधी चाचीच फुटली. ती हसायला लागली की तिचा चष्मा नाकावरून घसरतो, आणि तो सावरता सावरता ती म्हणाली, "मावशी, तुमी काळी कोंबडी पाळली काय?"

"अवं शपथ घेतो चाची, इस्त्रीचा काटा मी रेशमावरच ठेवला होता! इतकी वर्सं झाली, एक धागा जळला का माझ्या हातून?" मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आण बेटा इस्त्री," चाची मला म्हणाली. "आज तूच धर."

इतक्या दिवसांनी इस्त्री हातात आली. चाचीनं एक जुनी रेशमी ओढणी पसरली, काटा स्वतः रेशमावर फिरवला. मी इस्त्री टेकवली, चाचीनं "उठव" म्हटलं तशी उचलली. वास आला. ओढणीवर तपकिरी टोक उमटलं होतं, अगदी तसंच. चाचीनं काटा पार खाली आणला, पुन्हा टेकवायला लावली. पुन्हा तसंच. काटा कुठंही न्या, हिच्या मनात आलं की ही आपली तापतच जायची.

"सापडली!" मावशी टाळी वाजवून उठली. "हेच चेटकीण! हिले काई फाशी देऊ नका, भंगारवाल्याले देऊन टाका."

इस्त्रीला आम्ही बाहेर पायरीवर नेऊन ठेवलं आणि तिघी आत येऊन चहा प्यालो. मग मी शेवटची पानं वाचली, अजिबात न रेंगाळता. गोठा जाळला होता शेजाऱ्यानं, स्वतःचाच. कोंबडीवालीला गावातून काढलं की तिची नदीकाठची जमीन त्याला मिळणार होती. मावशी म्हणाली, "जमिनीसाठी माणूस काय करन सांगता येत नाई. मी त पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, शेजारी बरा नाई." चाचीनं माझ्याकडे बघितलं, मी चाचीकडे.

मावशी घरी गेल्यावर मी चाचीला विचारलंच. रात्रभर मनात ठेवणं मला जमलं नसतं. "तुम्हाला वाटत होतं मी जाळली. मग काढलं का नाही मला?"

चाची मशीनवर कापड घालत होती. "आधीच्या पोरीले काढलं, त्याचं काय झालं? थे गेली, तिच्या जागी तू आली. मले वाटलं, तूनंबी जाळली. तुले काढलं असतं त आणखीन एक आली असती, तिनंबी जाळली असती. त्यापेक्षा म्हटलं, हिच्या हातातून इस्त्री काढा, हिले नको काढा." मग जरा थांबून म्हणाली, "त्या पोरीनंबी म्हटलं होतं, चाची, मी नाई जाळली. मी ऐकलंच नाई."

ती हे बोलली तेव्हा हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं काम तिनं केलं ते त्या मुलीला फोन लावण्याचं. तिचं आता अमरावतीलाच लग्न झालंय. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मुद्दाम पायरीवर जाऊन बसले. पण पुढच्या ईदला ती मुलगी नवऱ्याला घेऊन शीरखुर्मा प्यायला आली. चाचीनं तिला नवी इस्त्री दाखवली. ती म्हणाली, "हिच्यावर भरवसा ठेवू नका चाची, ह्या दिसाले चांगल्याच असतात."

माझी सुई मला परत मिळाली. टाके अजूनही मावशीसारखे येत नाहीत, पण आता निदान उलटीकडूनच दिसतात. दुपारचं वाचन मात्र चाचीनं बंद होऊ दिलं नाही. पुस्तकं आता गल्लीतल्या बायकाच आणून देतात, आणि कुठं "जाऊन राहिली" आलं की मावशी बोट वर करते, "थांब. पोचली का नाई थे आधी सांग."

चाचीनं समुद्र बघितलेला नाही. अमेरिकेच्या त्या गावातला समुद्र वाचताना तिनं मशीन थांबवून विचारलं होतं, "तुमच्याकडेबी असाच असते काय? एवढा आवाज करते?" मी म्हटलं, रात्री त्याच्याच आवाजात झोप येते.

तर चाची, तुम्हाला मराठी अक्षर लागत नाही, म्हणून हे मीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे, मशीन थांबवून. तेव्हा कबूल करून टाकते. तुमचं हे ऋण माझ्यावर आहे, आणि ते मी एक दिवस फेडीन. तुम्हाला माझ्या गावी नेईन, आईच्या घरी, ओटीवरून समुद्र ऐकू येतो तिथं. एसटीत तुम्हाला उलटी होईल, घाट फार आहेत, याची काळजी मला आत्तापासूनच लागली आहे. तरी नेईन. आपण तिकडे जाऊन राहू. तुमच्या बोलीतलं नाही, माझ्या बोलीतलं.